मिलिंद म्हणजे भुंगा?
नामकोशांच्या निमित्ताने काही प्रश्न

१

माझी पत्नी गरोदर असताना स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने मला एक पुस्तक आणून दिले. एस. टी. स्टँडवरच्या बुकस्टॉलवर पंचांगे, व्रतकथा आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके यांच्या शेजारी मांडलेले असते तसे. देशोदेशींची मुलामुलींची नावे, त्यांचे मूळ आणि त्यांचे अर्थ. संस्कृत, फारसी, अरबी, ग्रीक, हिब्रू, सगळ्यांना त्यात थोडी थोडी जागा दिलेली. भेट चांगल्या मनाने दिलेली होती, म्हणून तिच्याविषयी कठोर लिहिताना संकोच होतो. परंतु अशी पुस्तके आज आमच्या वस्त्यांतूनही पोचली आहेत. कवितासंग्रहावर आपण परिसंवाद घेतो, कादंबरीवर पानेच्या पाने लिहितो. बारशाच्या आदल्या रात्री घरोघर जे उघडले जाते त्या पुस्तकाची मात्र समीक्षा कुणी करत नाही. ती करावी असे मला वाटले, त्याला एक खाजगी कारण आहे.

पुस्तक हाती आल्यावर मी पहिल्यांदा माझ्या बापाचे नाव शोधले. ‘कच’ सापडला, बृहस्पतीचा पुत्र. त्यानंतर ‘कणाद’ सापडला, वैशेषिक दर्शनाचा कर्ता. या दोघांच्या मध्ये वर्णानुक्रमाने जे नाव यायला हवे होते ते नव्हते. माझ्या बापाचे नाव कचरू.

मग मी ‘मिलिंद’ काढले. आमच्या पिढीत घराआड एक मिलिंद आहे. पुस्तकात एका शब्दात अर्थ दिला होता : भुंगा.

संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा हे खरे आहे. परंतु आमच्या आयाबापांनी पोरांची नावे भुंग्यावरून ठेवली नव्हती. मिलिंद हे मिनँडर या ग्रीक राजाच्या नावाचे पाली रूप. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा हा राजा. सागल त्याची राजधानी, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी आहे. नागसेन या भिक्खूशी त्याचा झालेला संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आला आहे. १९५० साली औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. पुढे त्याला नाव मिळाले मिलिंदाचे, आणि भोवतीच्या परिसराला नागसेनाचे. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू या दोघांची नावे विद्येच्या जागेला मिळाली. तिथून शिकून गेलेल्यांनी ती आपापल्या गावी नेली आणि पोरांना ठेवली. एका नावात ग्रीस आहे, पाली आहे, सियालकोट आहे आणि मराठवाडा आहे. देशोदेशींच्या नावांचे मूळ सांगायला निघालेल्या पुस्तकाला हे मूळ दिसले नाही. त्याला भुंगा दिसला.

गंमत अशी की मिलिंदाने नागसेनाला विचारलेला पहिला प्रश्न नावाचाच आहे. भन्ते, आपले नाव काय? नागसेन सांगतो की मला लोक नागसेन म्हणतात. आईबाप मुलाला नागसेन म्हणोत, वीरसेन म्हणोत, तो केवळ व्यवहारातला संकेत आहे, त्या नावाच्या आत कुणी व्यक्ती सापडायची नाही. मग तो रथाचा दाखला देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. सगळे जुळून आले की त्याला आपण रथ म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही चर्चा माझ्या हातातल्या पुस्तकाचा पायाच काढून घेते. नावाचा अर्थ शब्दात साठवलेला असतो आणि तो कोशातून काढून देता येतो, असे हे पुस्तक धरून चालते. नागसेनाच्या दृष्टीने पाहिले तर नाव हा व्यवहार आहे. मग पुढचा प्रश्न आपल्याला विचारावा लागतो : व्यवहार कुणाचा? हाक मारणारा कोण, आणि ओ देणारा कोण?

२

कचरू हे नाव कसे पडले ते मला आजीने सांगितले होते. “दोन गेली हातची. तिसरा झाला तवा सुईनीनं त्याला उकिरड्यावर ठिवला, आन् पसाभर जवारी दिऊन म्या परत इकत घेतला. कचऱ्याला कोन नजर लावतंय?” कचरू, उकिर्डा, धोंडू, दगडू, भिकू ही नावे अशी जन्मली. दवाखाना नाही, पोटाला पुरेसे नाही, अशा घरातल्या आईने मृत्यूला फसवण्यासाठी केलेली ती युक्ती होती. माझे पोर उचलण्याच्या लायकीचे नाही, तू पुढे जा, असे ती मरणाला सांगत होती.

ही युक्ती एकट्या आमच्या आजीची नव्हती. पश्चिम आफ्रिकेत घाना देशातल्या अकान लोकांत मुले जगेनाशी झाली की पुढच्या मुलाला ‘सुमिना’ असे नाव देत. सुमिना म्हणजे उकिरडा. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ‘कोकुमो’ असे नाव आहे. हा आता पुन्हा मरणार नाही, असा त्याचा अर्थ. चीनच्या खेड्यांत ‘गोउशंग’ म्हणत, कुत्र्याने टाकून दिलेले उरलेसुरले. घानाची आई, चीनची आई आणि माझी आजी यांनी एकमेकींचे नाव कधी ऐकले नव्हते. बाळंतपणात पोरे मरत होती, एवढे एकच त्यांच्यात समान होते. नावांचे मूळ शोधायचे तर ते इथे शोधले पाहिजे. आमच्या नामकोशाला हे मूळ अशुभ वाटते, म्हणून तो ती पाने वगळतो.

परंतु मी आजीच्या गोष्टीवर थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एकतिसावा श्लोक नाव ठेवण्याविषयी आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल सुचवणारे, क्षत्रियाचे बळ सुचवणारे, वैश्याचे धन सुचवणारे आणि शूद्राचे निंदा सुचवणारे असावे, असा तिथे दंडक आहे. पुढचा श्लोक नावाच्या उत्तरपदाचा आहे, तिथे शूद्राच्या वाट्याला चाकरी आली आहे. शूद्राची ही गत, तर वर्णाबाहेरच्या माणसाने काय अपेक्षा करावी? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात पोराच्या पाळण्यापर्यंत पोचलेला हा हातही होता.

तेव्हा कचरू या नावाची मुळे दोन. एक आईच्या भीतीत, दुसरे व्यवस्थेच्या हुकुमात. आई नाव ठेवते ती जगवण्यासाठी. गाव ते नाव उचलते ते वाकवण्यासाठी. ही दोन मुळे वेगळी करून दाखवणे हे समीक्षेचे काम आहे, कारण आमच्या शिकलेल्या पिढीने ती एकत्र करून दोन्हींची लाज धरली आहे. त्यात मीही आहे. पदवीला असताना मी वहीवर बापाच्या नावाचे नुसते ‘क.’ लिहीत असे.

३

कुणी म्हणेल, अशी नावे वरच्या जातींतही होती. होती, आणि तो मुद्दा आपण टाळू नये. भारतरत्न कर्व्यांचे नाव धोंडो. नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. एकोणिसाव्या शतकातले प्रख्यात गणिती आणि ज्योतिर्विद केरो लक्ष्मण छत्रे केरूनाना म्हणून ओळखले गेले. ‘केरो’ ऐकताना त्या घरात कुणाला केर आठवला नसावा. आमच्या वस्तीतही धोंडू होता, केरू होता, आणि माझा बाप कचरू होता. शब्द एकच, धोंडा एकच. मग फरक पडला कुठे?

फरक नावाच्या शेपटीत पडला. तिकडे पंत, नाना, राव, इकडे ‘या’. धोंडोपंत आणि धोंड्या. ज्याला व्याकरणात प्रत्यय म्हणतात त्यात अख्खी गावरचना बसलेली आहे. माझा बाप सालगडी होता. मालकाच्या वाड्यात तो ‘कचऱ्या’. वस्तीत तो ‘कचरूदा’. विहारातल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘आयुष्मान कचरू’. एका दिवसात तो तीन नावांनी जगत असे, आणि कोणत्या हाकेला पाठ किती वाकवायची हे त्याच्या शरीराला ठाऊक होते. नामकोशात या तीन कचरूंपैकी एकही नाही. असता, तरी अर्थ एकच दिला असता.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच घडलेले दिसते. अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात. शनिवारचा तो क्वामे, शुक्रवारचा कोफी, रविवारचा क्वासी. घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांची नावे या रीतीची आहेत. आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांवरचे सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या यांचे हे सख्खे भाऊ. गुलामांच्या जहाजांतून हीच नावे कॅरिबियन बेटांवर गेली, आणि जमैकात मळेवाल्यांच्या तोंडी क्वासीचे ‘क्वॉशी’ झाले. क्वॉशी म्हणजे अडाणी, मूर्ख काळा. घानात रविवारी जन्मलेला मुलगा जमैकात शिवी झाला. शब्द समुद्र ओलांडून गेला तेव्हा त्याचे मूळ बदलले नव्हते, मालक बदलला होता.

म्हणूनच गुलामीतून सुटलेल्या माणसाने पुष्कळदा पहिल्यांदा नावाला हात घातला. १८३८ मध्ये निसटलेल्या फ्रेडरिक बेलीने ‘डग्लस’ हे आडनाव घेतले. बुकर नावाचा मुलगा शाळेत गेला तेव्हा इतर पोरांना दोन दोन नावे आहेत हे पाहून गोंधळला, आणि हजेरीच्या वेळी त्याने स्वतःच ‘वॉशिंग्टन’ सांगून टाकले. माल्कमने मालकाने लादलेले आडनाव खोडून ‘एक्स’ लावले. ज्या आफ्रिकी नावाचा पत्ताच उरला नाही त्याची ती खूण होती. या तीन माणसांनी तीन वेगळ्या वाटा घेतल्या. एकाने नवे नाव निवडले, दुसऱ्याने सत्ताधाऱ्याचे उचलले, तिसऱ्याने रिकामी जागा उघडी ठेवली. तिन्ही वाटा आपल्याकडेही सापडतात.

आपल्या साहित्यात हा प्रश्न पहिल्यापासून आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यात दया पवार हा शिकलेला लेखक आणि दगडू मारुती पवार हा वाड्यातला माणूस समोरासमोर बसतात. दोघे एकच आहेत. दगडू बोलतो आणि दया ऐकतो. या रचनेकडे आपण निवेदनतंत्र म्हणून पाहत आलो. माझ्या मते ते नावाचे प्रकरण आहे. दगडू हे नाव टाकून दिले असते तर ते पुस्तक लिहून झाले नसते, आणि दया हे नाव घेतले नसते तर दगडूचे ऐकून घ्यायला कुणी बसले नसते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त, १९८४ साली, याच प्रश्नाची दुसरी बाजू आली : बापाचे नाव काय लावायचे? आणि मराठवाड्यात तर ‘नावात काय आहे’ असे कुणी विचारूच नये. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात वस्त्या जळल्या, माणसे मेली. नाव हा व्यवहार आहे याचा पुरावा यापेक्षा कोणता हवा?

४

आता आपल्याकडे वळतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या पाळण्यांतून नवी नावे ऐकू येऊ लागली. सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद, महेंद्र, नागसेन. सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा. निंदावाचक नावाचा दंडक एका पिढीत मोडला. एवढे मोठे सांस्कृतिक परिवर्तन फारशी चर्चा न होता, बायांच्या तोंडून, पाळणे म्हणता म्हणता झाले. त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही.

या नावांचे अर्थ नामकोशातून घेऊ नयेत एवढेच मी म्हणेन. ‘सुजाता’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली, असे कोश सांगतो. जन्मावरून कुणी हीन ठरत नाही, कर्मावरून ठरतो, हा वसलसुत्ताचा आशय. तो ज्यांनी जगण्याचा आधार मानला त्यांनी आपल्या हजारो मुलींना ‘सुजाता’ म्हटले. कुळ कुणाचे चांगले, हा वादच त्या हाकेने निकालात काढला. ‘राहुल’ या शब्दाला पाली परंपरेत बंधनाचा अर्थ चिकटलेला आहे. आमच्या घरांत राहुल जन्मला तो मात्र बंधन तुटल्याची खूण म्हणून. हे अर्थ आम्ही घडवले आहेत आणि ते कोणत्याही कोशात नाहीत.

परंतु आपल्याच घरात दोन गोष्टी खटकतात. पहिली, या पुस्तकांबरोबर मागच्या दाराने आलेली नक्षत्रांची अक्षरे. अश्विनीला चू, चे, चो, ला, अशी कोष्टके शेवटी छापलेली असतात. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातही कुणीतरी हळूच म्हणते, नाव बुद्धाचेच ठेवू, पण ‘ल’वरून असले तर बरे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. वरची यादी पुन्हा वाचा. बहुतेक नावे राजवाड्यातली आहेत. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सुनीत या झाडूवाल्याची, उपाली या न्हाव्याची, सोपाक आणि सुप्पिय या अस्पृश्यांची प्रव्रज्या मुद्दाम सांगितली आहे. सोपाक हा शब्द श्वपाक या शब्दाचा पाली अवतार. कुत्रे शिजवून खाणारा, अशी ती शिवी. संघात आल्यावरही तो सोपाकच राहिला, आणि थेरगाथेत त्या नावाने त्याच्या गाथा आहेत. आमच्या वस्त्यांत सिद्धार्थ मोजता येणार नाहीत इतके आहेत. सोपाक नावाचा मुलगा मी अजून पाहिला नाही.

धर्म बदलला, नाव बदलले, म्हणजे प्रश्न सुटला, असेही मानू नये. जपानमध्ये माणूस मेल्यावर बौद्ध मंदिराकडून त्याला मरणोत्तर नाव मिळते आणि ते थडग्यावर कोरतात. बुराकू म्हणून हिणवल्या गेलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचे व मेलेल्या जनावरांचे काम करणाऱ्या लोकांच्या थडग्यांवर कित्येक ठिकाणी ‘जनावर’, ‘हीन’, ‘चामडे’ या अर्थाची अक्षरे कोरलेली आढळली. ती देणारे भिक्खूच होते. १९७९ मध्ये प्रिन्स्टन येथील जागतिक धर्म परिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभाव नाही असे सांगितले. बुराकू चळवळीने जाब विचारला, तेव्हा पंथाला चूक कबूल करावी लागली आणि तशी नावे शोधून बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. मनूचा श्लोक न वाचलेल्या देशात, बुद्धाच्या नावाने, मेलेल्या माणसालाही निंदावाचक नाव मिळाले. हे आपण आपल्या विहारांत सांगितले पाहिजे.

५

मागच्या वर्षी माझ्या वर्गातला एक विद्यार्थी अर्ज भरायला मदत मागण्यासाठी आला. बापाचे नाव उकिर्डा. राजपत्रात ते बदलून घ्यायचे होते. मुलाखतीला पूर्ण नाव पुकारतात तेव्हा माना वळतात, म्हणाला. बापानेच सांगितले होते, माझ्यामुळे तुझे अडत असेल तर बदलून टाक. मी त्याला म्हटले, अर्ज भरू, पण हे नाव का ठेवले ते आधी आजीला विचारून ये. तो म्हणाला, “सर, आजी गेली. आता सांगणारं कोणी नाही.” मी अर्ज भरून दिला. त्याचे चुकले असे मला वाटत नाही. माना वळवणारे बदलत नाहीत तोवर त्याने किती वर्षे वाट पाहावी? परंतु त्या घरातली एक गोष्ट त्या दिवशी कायमची मिटली, आणि तिच्या बदल्यात कुणी काही लिहून ठेवले नाही.

आमच्याकडे मुलगा झाला. त्याचे नाव सोपाक ठेवावे असे माझ्या मनात होते. पत्नी म्हणाली, “तुमच्या लेखासाठी पोरानं वर्गात चिडवून घ्यायचं का?” मला उत्तर देता आले नाही. आजीने पोर जगावे म्हणून नाव ठेवले होते, पत्नीही तेच म्हणत होती. आम्ही ‘सुनीत’ ठेवले. पुस्तक आणून देणारे सहकारी मराठीचे प्राध्यापक आहेत. ते खूश झाले. केशवसुतांनी मराठीत आणलेल्या चौदा ओळींच्या काव्यप्रकाराचे नाव मी पोराला दिले, असे त्यांना वाटले. मी त्यांना झाडूवाल्या सुनीताची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, हे मला माहीत नव्हते. त्यांचा दोष नाही. पुस्तकातही नव्हते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला. त्यामुळे दाखल्यावर मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव आले, मग माझे, मग आडनाव. ही चांगली गोष्ट झाली. दाखला हातात घेऊन पाहताना माझ्या लक्षात आले की कचरू हे नाव आता कोणत्याही नव्या कागदावर येणार नाही. ते माझ्याबरोबर संपते. ज्याची पदवीभर लाज धरली ते नाव आपोआप गळून पडले, आणि मला हलके वाटले नाही.

म्हणून एक काम सुचवतो. आपल्या विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या वस्तीतल्या दहा वृद्ध माणसांची नावे लिहून आणावीत. नाव कुणी ठेवले, का ठेवले, गावात काय म्हणत, वस्तीत काय म्हणत, आणि त्यांना स्वतःला कोणती हाक आवडे, हे पाच प्रश्न पुरेत. शिक्षकांनी ती पाने जपावीत. अशी शंभर गावांची पाने जमली तर आपला नामकोश तयार होईल. त्यात मिलिंदापुढे ग्रीक राजा असेल, सुनीतापुढे झाडू असेल, आणि ‘कच’ व ‘कणाद’ यांच्यामध्ये माझ्या बापाला त्याची जागा मिळेल. पहिली नोंद मी वर लिहून दिली आहे.